दिल्ली ते टोकियो: अंतर एक, वेळा दोन

दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळापासून टोकियोच्या हानेदा विमानतळापर्यंत किती अंतर आहे, असं कुठल्याही संकेतस्थळाला विचारलं तर उत्तर क्षणात मिळतं: सुमारे ५,८६० किलोमीटर. त्याच्याच खाली उड्डाणाचा वेळही दिलेला असतो, साडेसहा तास. हा आकडा कसा आला हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणून अंतराला ९०० नं भागलं आहे. पण विमान कंपन्यांची वेळापत्रकं उघडली की हे साडेसहा तास कुठेच सापडत नाहीत. दिल्लीहून टोकियोला जायला साधारण पावणेआठ तास दिलेले असतात आणि टोकियोहून परत यायला साडेनऊ ते पावणेदहा. त्यातच जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. त्यामुळे तिकिटावरच्या सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा नुसत्या वजा केल्या तर जायला सव्वाअकरा तास लागतात आणि यायला जेमतेम सहा, असा नेमका उलटा समज होतो. घड्याळाचा हा घोळ वजाबाकीनं सुटतो. पण एकाच वाटेवर जाताना पावणेआठ आणि येताना साडेनऊ हा जो फरक उरतो, तो कुठल्याही वजाबाकीनं जात नाही. अंतराला वेगानं भागायची शाळेतली रीत रस्त्यावर आणि रुळांवर चालते, आकाशात ती मुळातूनच अपुरी पडते. दोन विमानतळांमधला वेळ जमिनीवरच्या अंतरापेक्षा मधल्या हवेवर आणि त्या हवेवर हक्क सांगणाऱ्यांवर जास्त अवलंबून असतो.

आधी त्या ५,८६० चीच तपासणी करू. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणं जोडणारी सर्वांत आखूड रेषा बृहद्वृत्तावर असते, आणि हे अंतर त्या रेषेचं आहे. दिल्ली २८.५ अंश उत्तर अक्षांशावर, टोकियो ३५.५ अंशांवर. पण ही रेषा वाटेत ३७ अंशांपर्यंत वर चढते आणि मग थोडी खाली येते. सपाट नकाशावर ती कमानीसारखी दिसते, गोलावर सरळ असते. उत्तराखंड आणि नेपाळच्या सीमेजवळून ती हिमालय ओलांडते, तिबेटचं पठार तिरकं कापते, छिंगहाई प्रांतावरून उत्तर चीनमध्ये उतरते आणि पीत समुद्र व कोरिया ओलांडून जपानला पोहोचते. गणिताच्या दृष्टीनं यात काहीच खोट नाही. अडचण एवढीच, की दिल्ली-टोकियो विमानं सहसा या रेषेवरून उडत नाहीत.

हिमालयाची शिखरं विमानाला आड येतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. प्रवासी विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवर असतं आणि एव्हरेस्ट नऊ किलोमीटरही नाही. भीती आहे ती विमानाला अचानक खाली यावं लागण्याची. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वैमानिकानं लवकरात लवकर तीन किलोमीटर उंचीपर्यंत उतरायचं असतं, कारण तिथे माणूस नळीशिवाय श्वास घेऊ शकतो. प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणारे पिवळे मुखवटे बहुतेक विमानांत बारा ते वीस मिनिटंच प्राणवायू पुरवतात. अरबी समुद्रावर किंवा गंगेच्या मैदानावर तेवढा वेळ भरपूर झाला. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटरच्या वर आहे आणि त्यावरच्या डोंगररांगा सहा-सात किलोमीटरपर्यंत जातात. तीन किलोमीटरवर उतरायला तिथे जागाच नाही, आणि पठार संपेपर्यंत वीस मिनिटं पुरत नाहीत. एक इंजिन बंद पडलं तरी हीच पंचाईत, कारण उरलेल्या इंजिनावर विमानाला मूळ उंची टिकवता येत नाही. जास्तीचा प्राणवायू भरलेली आणि उतरण्याच्या वाटा आधीच आखून ठेवलेली विमानं पठारावरून उडतात. चीनमधली ल्हासाची सेवा त्यावरच चालते. सर्वसाधारण विमान मात्र वळसा घेतं.

दिल्ली-टोकियोचा नेहमीचा वळसा दक्षिणेकडून आहे: बिहार-बंगालच्या दिशेनं पूर्वेला, म्यानमार ओलांडून चीनच्या कुनमिंगकडे, तिथून दक्षिण चीन कापत पूर्व चीन समुद्राकडे. कुनमिंग हा मधला टप्पा धरला तर दिल्ली-कुनमिंग सुमारे २,५९० आणि कुनमिंग-टोकियो सुमारे ३,७०० किलोमीटर होतं. बेरीज ६,२९०. म्हणजे पहिल्याच पायरीवर चारशेहून अधिक किलोमीटर वाढले, आणि हे अंतर कुठल्याही संकेतस्थळाच्या उत्तरात नसतं. तरीही त्यानं कोडं सुटत नाही. ६,२९० ला ९०० नं भागलं तर सात तास येतात, पण जायलाही सात आणि यायलाही सातच. वाट वाकडी असण्यानं वेळ वाढतो. जाण्या-येण्यातली तफावत त्यातून निघत नाही.

ती निघते वाऱ्यातून. विमानाचा ताशी ९०० हा वेग हवेच्या तुलनेत असतो. वाहत्या नदीत पोहणाऱ्याचं जे होतं तेच इथे होतं, काठावरून पाहणाऱ्याला त्याचा वेग प्रवाहासकट दिसतो. वेळापत्रकातल्या वेळांवरून आपण उलटा हिशेब मांडू शकतो. समजा, वाटेवर सरासरी ताशी १२० किलोमीटरचा पश्चिमेचा वारा आहे. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग १,०२० होतो आणि ६,२९० किलोमीटरला सहा तास दहा मिनिटं लागतात. येताना वेग ७८० वर येतो आणि त्याच अंतराला आठ तास चार मिनिटं लागतात. आता हे वेळापत्रकाशी ताडून पाहू. जाताना पावणेआठमधून सहा तास दहा मिनिटं वजा केली की एक तास पस्तीस मिनिटं उरतात. येताना नऊ तास चाळीसमधून आठ तास चार मिनिटं काढली की एक तास छत्तीस. दोन्हीकडे उरलेला वेळ सारखाच! हा उरलेला दीड तास म्हणजे फलाटापासून धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढताना-उतरतानाचा कमी वेग, हानेदासारख्या गजबजलेल्या विमानतळाजवळच्या घिरट्या, आणि उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता यावं म्हणून कंपनीनं राखून ठेवलेली मिनिटं. या गोष्टी दोन्ही दिशांना जवळपास सारख्या असायला हव्यात, आणि हिशेबात त्या तशा निघतात. ताशी १२० हा अंदाज खरा असल्याचा एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

एवढा जोराचा वारा वर सतत वाहतो, हे माणसाला फार उशिरा कळलं, आणि ज्या शहराकडे आपण निघालो आहोत तिथेच आधी कळलं. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात फुगे सोडून, दुर्बिणीतून त्यांचा माग काढत उंचावरचे वारे मोजत असत. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांना नऊ किलोमीटर उंचीवर सेकंदाला ७२ मीटर वेगाचा वारा मिळाला, म्हणजे ताशी जवळजवळ २६० किलोमीटर. हा शोध जगाला कळावा म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला. ओइशी त्या भाषेचे मोठे पुरस्कर्ते होते, आणि साऱ्या जगानं वाचावं म्हणून निवडलेल्या त्याच भाषेमुळे तो अहवाल बाहेर फारसा कुणी वाचला नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर बॉम्ब टाकायला मोठ्या उंचीवरून आली, तेव्हा याच वाऱ्यानं त्यांचा नेम पार बिघडवला. जपान्यांना वारा ठाऊक होता. त्या हिवाळ्यात त्यांनी नऊ हजारांहून अधिक फुग्यांना बॉम्ब बांधून ते पॅसिफिकपार अमेरिकेच्या दिशेनं सोडले, आणि त्यातल्या एकानं मे १९४५ मध्ये ओरेगॉन राज्यात सहा जणांचा बळी घेतला. प्रवासी वाहतुकीनं हा वारा कामाला लावला तो आणखी सात वर्षांनी. नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन ॲमनं टोकियोहून होनोलुलूला जाणारं विमान मुद्दाम या झोतात घातलं, आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. विमान तेच होतं, अंतरही तेच होतं.

या वाऱ्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात सैबेरिया गोठलेला असतो आणि पश्चिम पॅसिफिक ऊबदार असतो. तापमानातला हा उतार जितका तीव्र, तितका वरचा पश्चिमी वारा जोरकस. तिबेटच्या पठारामुळे दुभंगलेले त्याचे फाटे पूर्व आशियावर येऊन मिळतात, त्यामुळे जपानवरचा हिवाळी झोत जगातल्या सर्वांत बलवान झोतांत गणला जातो. ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर वेग तिथे नवलाचा नाही. त्याची दक्षिणेकडची शाखा हिवाळ्यात हिमालयाच्या पायथ्याला लागून, म्हणजे थेट दिल्ली-बिहारच्या डोक्यावरून वाहते. उत्तरेत थंडीतला पाऊस आणि बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ याच झोताबरोबर येतात. दिल्ली-टोकियो वाट दोन्ही टोकांना अशी झोतातच सापडते. जूनच्या सुमाराला मात्र चित्र पालटतं. ही शाखा हिमालयाच्या उत्तरेला सरकते, मोसमी पाऊस आत येतो आणि दक्षिण भारतावर उंचावर चक्क पूर्वेकडून वाहणारा झोत तयार होतो. त्याचं सविस्तर वर्णन करणारा निबंध भारतीय हवामान खात्याचे शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ते त्या खात्याचे महासंचालकही झाले. तात्पर्य, जानेवारीतली दिल्ली-टोकियो आणि ऑगस्टमधली दिल्ली-टोकियो या विमानाच्या दृष्टीनं दोन वेगळ्या वाटा आहेत. वेळापत्रकं मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतात, तेव्हा हा फरकही हिशेबात धरला जातो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: जाताना वाऱ्यानं दिलं आणि येताना तेवढंच घेतलं, मग हिशेब फिटला की. जाऊन-येऊनची सरासरी काढली तर संकेतस्थळाचा भागाकार खरा ठरत नाही का? नाही ठरत, आणि हे साध्या अंकगणितानं दाखवता येतं. वारा नसता तर ६,२९० किलोमीटरच्या दोन फेऱ्यांना चौदा तासांना मिनिटभर कमी लागलं असतं. ताशी १२० च्या वाऱ्यात सहा तास दहा मिनिटं आणि आठ तास चार मिनिटं मिळून चौदा तास चौदा मिनिटं होतात. पंधरा मिनिटं बुडाली. वारा ताशी २४० झाला तर जायला साडेपाच तास आणि यायला साडेनऊ तास, म्हणजे एकूण पंधरा तासांच्या थोडं वर, आणि बुडालेला वेळ तासाच्या पुढे. कारण असं, की मदत करणाऱ्या वाऱ्यात विमान थोडा वेळ असतं आणि विरोध करणाऱ्या वाऱ्यात जास्त वेळ. मदत लवकर संपते, विरोध रेंगाळतो. वारा दुप्पट झाला की तोटा साधारण चौपट होतो. हवा फुकट दिल्यासारखं करते, पण परतीला व्याजासकट वसूल करते.

दुसरा आक्षेप अधिक भाबडा, पण फार पसरलेला: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून टोकियोहून दिल्लीला येताना दिल्लीच विमानाकडे सरकते, तेव्हा येणं लवकर व्हायला हवं. अनुभव याच्या नेमका उलट आहे, आणि तेवढ्यानंच हा तर्क निकालात निघतो. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणात असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, पण तो आडून. उष्ण कटिबंधातून ध्रुवाकडे निघालेल्या हवेला ते फिरणं पूर्वेकडे वळवतं आणि त्यातून हे पश्चिमी झोत बनतात. पृथ्वीचं फिरणं पूर्वेला जाणाऱ्याला मदत करतं, पश्चिमेला जाणाऱ्याला नव्हे.

विमानं दिवसेंदिवस वेगवान होतील आणि हा फरक नगण्य होईल, असंही कुणी म्हणेल. आजवरचा इतिहास तसं सांगत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. आजची लांब पल्ल्याची विमानं त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ताशी ९०० नं उडतात. याच्या पुढे गेलं की हवेचा अवरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च आवाक्याबाहेर जातो. साठ वर्षांपूर्वीचं बोइंग ७०७ सुद्धा जवळपास याच वेगानं उडत होतं. सुधारणा झाली ती इंधन वाचवण्यात, आवाज कमी करण्यात आणि पल्ला वाढवण्यात. आणि हा तासा-दोन तासांचा फरक किरकोळ समजू नये. दिल्ली-टोकियोवर उडणारं दोन इंजिनांचं मोठं विमान तासाला पाच टनांच्या घरात इंधन जाळतं. परतीचे दोन तास जास्त म्हणजे दहा टन जास्त, आणि ते दहा टन वाहून न्यायलाही पुन्हा इंधन लागतं. प्रवाशाला जी नुसती कंटाळ्याची बाब वाटते, ती कंपनीसाठी तिकिटाच्या किमतीची, मालाच्या वजनाची आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची बाब असते.

मग वैमानिकानं जाताना झोत धरावा आणि येताना तो टाळावा, एवढं साधं का करू नये? जिथे जमतं तिथे करतातच. जपान आणि उत्तर अमेरिका यांच्यामधल्या पॅसिफिकवर रोजच्या वाऱ्याप्रमाणे रोज नव्या वाटा आखून जाहीर केल्या जातात, कारण खाली नुसता समुद्र आहे. आशियाच्या भूमीवर ही मोकळीक नाही. चीनमधला बराचसा आकाशप्रदेश लष्कराच्या ताब्यात आहे, नागरी विमानांना ठरलेल्या अरुंद वाटांवरूनच जावं लागतं आणि तिथे उंचीचे स्तरही फुटांऐवजी मीटरमध्ये दिले जातात. म्हणून म्यानमारकडून चीनमध्ये शिरताना विमानाला बहुधा उंचीही बदलावी लागते. वारा टाळायचा तर वाट बदलायला हवी, आणि वाट कुणाच्या तरी परवानगीची असते.

परवानगीच मिळाली नाही तर काय होतं, याचं उत्तर दिल्लीहून दुसऱ्या दिशेला पाहिलं की मिळतं. दिल्ली ते ताश्कंद हे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. सरळ रेषा पाकिस्तानवरून जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. अरबी समुद्र आणि इराणवरून वळसा घालायचा तर त्या कंपनीच्या छोट्या विमानांचा पल्ला पुरत नव्हता. १,६०० चा आकडा संकेतस्थळावर होता तिथेच राहिला. प्रवासाचा वेळ वाढलासुद्धा नाही, इंडिगोची फेरीच नाहीशी झाली. पूर्वेला तैवानमधलं तैपेई आणि चीनमधलं शांघाय यांच्यात जेमतेम ६८० किलोमीटर आहेत. पण २००८ पर्यंत तिथे नियमित थेट सेवा नव्हती. हाँगकाँग किंवा मकावला उतरून विमान बदलावं लागे आणि अर्धाअधिक दिवस जाई. जुलै २००८ मध्ये शनिवार-रविवारच्या खास फेऱ्या सुरू झाल्या, तरी त्या हाँगकाँगच्या आकाशातून वळसा घेऊनच जात. तैवानच्या सामुद्रधुनीवरून सरळ वाट मिळाली ती त्या डिसेंबरात. एका करारानं दोन शहरं जितकी जवळ आली, तितकी ती कुठल्याही नव्या इंजिनानं आली नसती.

यावरून बृहद्वृत्ताचं अंतर निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढू नये. ते एक तळरेषा देतं: याहून कमी वाट शक्य नाही. नवं विमान कुठवर जाऊ शकेल, कुठला मार्ग उघडण्यासारखा आहे, वळशानं किती पैसे जातात, हे सगळं या तळरेषेवरूनच मोजावं लागतं. दिल्ली-टोकियोतले चारशे जादा किलोमीटर आपल्याला तिच्यामुळेच दिसले. तिला वेगानं भागून आलेल्या उत्तरावर मात्र प्रवासाचा बेत आखू नये.

मुंबई, पुणे किंवा नागपूरहून दिल्लीमार्गे जपानला जाणाऱ्यांनी म्हणून एवढं करावं. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा पाहावा आणि तो कंपनीच्या त्या हंगामाच्या वेळापत्रकातूनच घ्यावा. डिसेंबर ते फेब्रुवारीत टोकियोहून परतत असाल, तर दिल्लीहून पुढचं विमान पकडायला जाताना ठेवता त्याहून जास्त वेळ हाताशी ठेवा, आणि जमलं तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा. म्हणजे वाऱ्यामुळे पुढचं विमान चुकलंच, तर दुसऱ्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.